टेरी प्रॅचेट वाचावा तर कुठून, आणि कशासाठी?

प्रश्न

इंग्रज लेखक टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' या विनोदी, जादूच्या जगातल्या मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत. मी सरळ पहिलीपासून सुरुवात केली, १९८३ची 'द कलर ऑफ मॅजिक'. कासवाच्या पाठीवर चार हत्ती आणि हत्तींवर थाळीसारखं सपाट जग, ही कल्पना फार आवडली. पुढे मात्र एक भित्रा जादूगार आणि एक पर्यटक नुसते पळत राहतात आणि पानोपानी जुन्या जादूच्या गोष्टींची टिंगल चालते. त्या गोष्टी मी वाचलेल्या नसल्यामुळे निम्मे विनोद डोक्यावरून गेले आणि पुस्तक अर्ध्यात ठेवलं. ज्यांच्या वाचनावर माझा विश्वास आहे अशी माणसं त्याला मोठा उपहासकार मानतात. यात माणसांबद्दल, सत्तेबद्दल, पैशाबद्दल काही बोचणारं आहे का, की सगळ्या कोट्याच?

प्रतिसाद १

पहिल्या दोन कादंबऱ्या सोडून द्या, काही अडत नाही. १९८७ची 'मॉर्ट' घ्या. मृत्यू एका अडाणी पोराला उमेदवारीवर ठेवतो, एवढीच गोष्ट. छोटी आहे, आधीचं काही माहीत असावं लागत नाही.

प्रतिसाद २

पहिलं पुस्तक वाचून मीही त्याला बाजूलाच ठेवलं असतं. त्या काळात तो पुस्तकांची थट्टा करत होता. पुढे तो माणसांच्या वागण्यावर आला आणि तिथून खरा प्रॅचेट सुरू होतो. सतराव्या वर्षी शाळा सोडून तो स्थानिक वर्तमानपत्रात वार्ताहर झाला. नंतर वीज मंडळाचा प्रसिद्धी अधिकारी होता, आणि त्याच्या विभागात अणुवीज केंद्रं होती. मोठ्या संस्था वाईट बातमी कशी गोड करून सांगतात हे त्याने आतून पाहिलेलं आहे, आणि ते त्याच्या पानांत उतरतं.

सगळे जण 'मेन अॅट आर्म्स'मधला बुटांचा हिशेब सांगतात. महिना ३८ डॉलर पगाराच्या पहारेकऱ्याला ५० डॉलरचे चांगले बूट परवडत नाहीत. तो १० डॉलरचे घेतो, ते एकदोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत श्रीमंताचे ५० जातात, गरिबाचे १०० जातात आणि वर पाय ओले ते ओलेच. हिशेब चोख आहे. तरी माझ्या मते त्याहून भेदक हिशेब 'गोइंग पोस्टल'मध्ये (२००४) आहे.

त्यातला नायक मॉइस्ट हा भामटा आहे. त्याला फासावरून उतरवून बंद पडलेलं टपाल खातं चालवायला देतात आणि पाळतीवर एक मातीचा माणूस, गोलेम, ठेवतात. मॉइस्ट अभिमानाने सांगतो की मी कधी कुणावर हत्यार उगारलं नाही. गोलेम शांतपणे सांगतो की तू २.३३८ माणसं मारली आहेस. तुझ्या फसवणुकींनी धंदे बुडाले, नोकऱ्या गेल्या, कुणाची भाकरी गेली, कुणाचं आयुष्य चार दिवसांनी घटलं, त्या सगळ्याची ती बेरीज. हे वाचताना हसू येतं आणि लगेच विरतं. पुढे त्याच कादंबरीत एक धनाढ्य माणूस कागदी व्यवहार करून संदेशवहनाचे मनोरे मूळ संशोधकांकडून बळकावतो, देखभालीचा खर्च कापतो, आणि मनोऱ्यांवरची पोरं पडून मरतात. तोवर तो दशांशातला आकडा आपल्या डोक्यात बसलेला असतो. नफ्याच्या वहीत न लिहिलेली माणसं मोजायची ही रीत मला दुसऱ्या विनोदी लेखकात सापडली नाही. म्हणून मी त्याला मोठा म्हणते, कोट्यांसाठी नाही.

धर्मसत्तेबद्दल वाचायचं असेल तर 'स्मॉल गॉड्स' (१९९२). लाखोंच्या धर्माचा देव कासव होऊन पडलाय, कारण मनापासून श्रद्धा असलेला एकच भक्त उरलाय. बाकी सगळे भितात ते धर्माच्या नावाने छळ करणाऱ्या चौकशी खात्याला. देवावर प्रॅचेटचा राग नाही, देवाच्या नावाने छळ करणाऱ्यांवर आहे, आणि त्या भोळ्या भक्तावर त्याची माया आहे.

प्रतिसाद ३

एवढं कौतुक मला पटत नाही. अंख-मॉरपॉर्क हे मालिकेतलं मुख्य शहर चालवतो कोण? वेटिनारी, एक हुकूमशहा, आणि तो नेहमी सगळ्यांपेक्षा हुशार, नेहमी दोन पावलं पुढे. शहर सुधारतं ते त्याच्या कृपेने. सत्तेवर उपहास लिहिणाऱ्याने सर्वांत मोठ्या सत्ताधीशाला इतकं लाडावून ठेवावं? तो मेल्यावर काय, हा प्रश्न कुठेच नीट येत नाही. 'इंटरेस्टिंग टाइम्स'मधलं पूर्वेकडचं साम्राज्य तर ठोकळेबाज आहे. आणि 'स्नफ', 'रेझिंग स्टीम'मध्ये पात्रं बोलत नाहीत, भाषण देतात.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद २ लिहिणारी)

शेवटच्या पुस्तकांबद्दल सहमत. २००७मध्ये त्याने आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं जाहीर केलं, पुढे टंकलेखन जमेना म्हणून तो मजकूर तोंडी सांगू लागला. वाक्यांची जुनी धार त्या पुस्तकांत कमी आहे आणि नवख्या वाचकाने तिकडे वळू नये. 'इंटरेस्टिंग टाइम्स'चाही बचाव मी करणार नाही.

वेटिनारीचं मात्र तसं नाही. 'गोइंग पोस्टल'मध्ये तो मॉइस्टला सांगतो की नोकरी नको असेल तर त्या दाराने खुशाल जा. दारापलीकडे खोल खड्डा आहे. त्याच्या राज्यात निवड म्हणजे काय हे लेखकाने तिथेच दाखवलंय. आणि 'नाइट वॉच' (२००२) वाचाच. पहारा दलाचा प्रमुख व्हाइम्स तीस वर्षं मागे, एका क्रूर शासकाच्या काळात जाऊन पडतो. क्रांती होते, शासक बदलतो, आणि नवा आलेला लगेच त्याच व्हाइम्सच्या जिवावर उठतो. वर कोण बसलंय यावर प्रॅचेट भिस्त ठेवत नाही. रात्री पकडलेली माणसं गाडीत घालून छळ करणाऱ्या गुप्त पोलिसांकडे पोचवायची, असा तिथला रिवाज असतो. व्हाइम्स दारात उभा राहून माणसं ताब्यात घेणाऱ्याकडे सहीची पावती मागतो. बस, पावती. ती द्यायला तिथे कुणी धजत नाही. पंचवीस-तीस वाक्यांचा प्रसंग असेल, पण सत्तेवर लिहिलेलं इतकं नेमकं मी कमी वाचलंय.

प्रश्नकर्त्यांना: 'नाइट वॉच'ने सुरुवात नको, आधीची पात्रं ओळखीची असावी लागतात. 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९), मग 'मेन अॅट आर्म्स', मग ती. एकच वाचणार असाल तर 'स्मॉल गॉड्स', ती एकटी उभी राहते.