गच्चीवर पूर-खोली बांधावी का? (चार लाख पाण्यात?)

दुधाळीकर: परवा इथं एकानं सल्ला दिला, ‘स्लॅबवर आरसीसी खोली बांधा, आठवड्याचं रेशन भरा, चार लाखात निवांत.’ भावा, २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात आम्ही पाच जण चार दिवस वरच्या मजल्यावरच होतो. छप्पर होतं, तांदूळ होता. प्यायला पाणी न्हवतं! उपसा केंद्रं बुडालेली, नळ कोरडा. संडासाचं भांडं उलटं वाहायला लागलं, जिन्यात साप. आईच्या बीपीच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी संपल्या. तिथं खोली काय करणार? राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट, म्हणजे इशारा पातळीला, आलं की पाहुण्यांकडं निघायचं. ४३ ची, धोका पातळीची, वाट बघायची न्हाई.

चिखलीचा गडी: निघायचं म्हणं! चार म्हशी काय डिकीत घालू? जनावरं माळाला नेली तरी घराला एक माणूस लागतोच. आम्ही स्लॅबवर पत्र्याची शेड मारलीय. २०२१ ला मोटर, बियाणं, टीव्ही सगळं वाचलं. शहरातल्यांनी शिकवू नये.

सातवी गल्ली: सोनतळीला पुनर्वसनाचे प्लॉट दिलेत की तुम्हाला.

चिखलीचा गडी: प्लॉट दिला म्हणून शेत मागनं चालत येत न्हाई.

पंचगंगाकाठ: खोल्या कसल्या बांधताय? मूळ दुखणं कर्नाटकातलं अलमट्टी धरण. त्याची उंची ५१९ वरनं ५२४ मीटर करायला निघालेत.

सातवी गल्ली: झालं सुरू! पुराचा अभ्यास करायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० ला सांगितलंय, २०१९ चा पूर अलमट्टीमुळं न्हाई.

पंचगंगाकाठ: समितीच्या घरात पाणी शिरलं होतं का?

सातवी गल्ली: शिरोलीला हायवेचा भराव बांधासारखा उभा हाय, तो कर्नाटकानं टाकला? नदीच्या निळ्या पूररेषेत अपार्टमेंट कुणी बांधली? आणि घेतली कुणी?

पंचगंगाकाठ: मी घेतली. पुढं?

सातवी गल्ली: पुढं काय, पार्किंगात पोहा.

पंचगंगाकाठ: तोंड सांभाळ. पंधरा वर्षं हप्ते फेडलेत मी. बिल्डरनं नकाशा दाखवला तवा नदी कुठंच दिसत न्हवती.

सातवी गल्ली: नदी तुम्हाला बघत होती.

दुधाळीकर: अलमट्टीसाठी वेगळा धागा काढा रे. बरं, म्हशीवाल्याला शेड माफ. आमच्यासारख्यांनी चार लाख घालू नयेत, एवढंच म्हणणं. आणि वर आधी पाण्याची टाकी ठेव, मग रेशन.

चिखलीचा गडी: माफी दिल्याबद्दल आभारी हाय, मालक. टाकी हाय, पाचशे लिटरची. २०२१ ला गडबडीत भरायची तेवढी राहिली.