मदत हवी आहे: छपाईच्या तोंडावर रिसर्च पेपरात लेखक म्हणून नवं नाव घालायचं का?
नमस्कार मंडळी, लातूरहून लिहायलोय. कॉलेजच्या जर्नलचं संपादन माझ्याकडंय. सोयाबीनवरचा एका पोरीचा पेपर दोन्ही रिव्ह्यूअरनी पास केला, प्रूफ टेबलावर आलं आन् आता तिचे गाईड म्हणायलेत माझं नाव पहिलं घाला. पोरगी फोनवर नुसतं "हो सर" म्हणली, आवाज पार बसलेला. 1997 ला इंग्लंडात संपादकांनी सुरू केलेल्या कोप (COPE, शोधनिबंध छापण्यातली नीतिमत्ता बघणारी) समितीचं म्हणणं, लेखक वाढवायचा तर कारण आन् सगळ्या लेखकांची संमती घ्या, पण दबावाखालची सही संमती कशी धरायची? छपाई थांबवलीय. आधी पोरीशी एकटीशी बोलू का गाईडकडूनच काय काम केलं ते लेखी मागू? तिचा व्हायवा (तोंडी परीक्षा) बाकीय, तिला त्रास नको व्हायला. कुणी असं निस्तरलं असंल तर सांगा.