विमानातला लेझर: ‘झळा’ की ‘वातावरणीय विक्षोभ’?

प्रश्न (दर्यापूर तालुका): शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मुलं विमानावरच्या लेझरबद्दल लिहीत आहेत. विमानाला घासून जाणाऱ्या हवेमुळे लेझर विस्कटतो, त्याला एका मुलीने ‘हवेच्या झळा’ लिहिलं, दुसरीने ‘वातावरणीय विक्षोभ’. कोणतं ठेवावं?

उत्तर (मूल तालुका): ताई, ‘वातावरणीय विक्षोभ’ नको, अर्थच बदलतो. ती लक्ष्यापर्यंतच्या कित्येक किलोमीटर हवेतली खळबळ. विमान नसलं तरी असते, तारे लुकलुकतात ते तिच्यामुळेच. इथे हवा विमानानेच ढवळलेली असते: अंगालगतचा सीमास्तर आणि लेझर ज्यातून सोडतात त्या विमानावरच्या घुमटामागे सुटणारे भोवरे. घनता जागोजागी बदलली की दहावीच्या पुस्तकातला अपवर्तनांकही बदलतो, म्हणजे प्रकाश कुठे कमी, कुठे जास्त वाकतो. मे महिन्यात धुऱ्यावरून पाहिलं की वावरापलीकडची बाभूळ लवलवते, त्यामागे हेच. म्हणून ‘झळा’ मला पटतो.

उत्तर (आर्वी): समजावायला पटतो, संज्ञा म्हणून नाही. झळ तापाने येते. भोवऱ्याच्या गाभ्यात मात्र दाब उतरल्यानेही हवा विरळ होते. शिवाय विमान ध्वनीपेक्षा सावकाश उडत असलं, तरी घुमटाच्या माथ्यावरून वळणारी हवा ध्वनीच्या पुढे जाऊ शकते आणि तिथे आघात तरंग उठतो, म्हणजे हवेचा दाब आणि घनता एकदम उडी मारतात. त्याला झळ कसं म्हणायचं? मी ‘वायुप्रकाशीय विकृती’ सुचवतो. आणि ‘किरण’ऐवजी ‘शलाका’ लिहायला सांगा. किरण म्हणजे नुसती दिशा दाखवणारी रेघ, शलाका म्हणजे लेझरचा अख्खा झोत. बिघडतं ते शलाकेचं तरंगाग्र, म्हणजे तिच्यातल्या लाटांची एकसाथ पुढे सरकणारी आघाडी.

उत्तर (मूल तालुका): दादा, आघात तरंगाचा मुद्दा मान्य. मग शीर्षकात तुमची संज्ञा आणि पहिल्याच वाक्यात झळा. मुलीचा शब्द पूर्ण काढू नका, वाचणाऱ्याला त्यानेच चित्र दिसतं.

ताई, तरंगलांबीचाही उल्लेख हवाच. १९८३ मध्ये अमेरिकेच्या एनकेसी-१३५ विमानातून क्षेपणास्त्रं निकामी केली, तो कार्बन डायऑक्साइड लेझर १०.६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). फेब्रुवारी २०१० मध्ये बोइंग ७४७ वरून उडतं क्षेपणास्त्र पाडलं, तो १.३१५ मायक्रॉनचा. हवेने तरंगाग्राला तेवढीच खोट आणली, तर दुसऱ्यात ती तरंगलांबीच्या मानाने आठपट भरते. ०.१३ मायक्रॉनची सरासरी खोट आली तरी लक्ष्यावर या दुसऱ्या लेझरच्या शलाकेच्या मध्यातली तीव्रता सुमारे एकतृतीयांशाने उतरते. पहिल्या लेझरला ती जवळजवळ जाणवतही नाही. आखूड तरंगलांबीची शलाका दूरवर कमी पसरते, म्हणून ती हवी असते, आणि विमानालगतची हवा नेमकी तिलाच जास्त छळते.