केवड्याची कोणती प्रथिनं द्राक्षवेलीची प्रतिकारयंत्रणा चेतवतात, हे क्रमतुलनेवरून कसं ठरवायचं?

प्रश्न, निफाड_वेल:
निफाड-दिंडोरी भागातल्या थॉमसन बागांमधून केवड्याचे (प्लास्मोपारा व्हिटिकोला, द्राक्षावर डाउनी मिल्ड्यू रोग आणणारा बुरशीसारखा जीव) नमुने घेऊन जनुकसंच वाचून झालाय. फायटोफ्थोरा या त्याच्या नातलग रोगकारकाच्या ज्ञात इफेक्टरांशी (रोगकारक वनस्पतीत सोडतो ती प्रथिनं) ब्लास्टपी हे क्रम ताडणारं साधन लावलं, ई-व्हॅल्यूची (योगायोगाने किती जुळण्या अपेक्षित याचं माप) मर्यादा ०.००००१. फारच थोडं जुळलं. मर्यादा सैल करावी का?

उत्तर, क्रमशोधक:
नको, कचरा वाढेल. वेल ज्या प्रथिनाला ओळखते ते बदलण्याचा दबाव रोगकारकावर सतत असतो, त्यामुळे इफेक्टरचा मागचा भाग झपाट्याने बदलतो आणि ब्लास्ट तिथे थिटं पडतं. टिकून राहतो तो पुढचा भाग: आधी सिग्नल पेप्टाइड (प्रथिन पेशीबाहेर पाठवणारा आणि नंतर तुटणारा सुरुवातीचा तुकडा), मग आरएक्सएलआर साचा (आर्जिनीन, कोणतंही एक अमिनो आम्ल, ल्युसीन, आर्जिनीन) आणि त्यापुढे बऱ्याचदा ईईआर (दोन ग्लुटामिक आम्लं, मग आर्जिनीन).

म्हणून आधी सिग्नलपी (सिग्नल पेप्टाइड ओळखणारी प्रणाली) चालवा. सिग्नल पेप्टाइड सोडून पटलात रुतणारा दुसरा पट्टा असेल तर ते प्रथिन वगळा. मगच साचा शोधा, तोही पेप्टाइड तुटण्याच्या जागेनंतरच्या साधारण ३० ते ६० अमिनो आम्लांत. ही चाळणी उलट्या क्रमाने लावली की घोटाळा होतो. आर्जिनीनचं प्रमाण ५-६ टक्के आणि ल्युसीनचं ९-१० टक्के धरलं, तर ३० जागांच्या खिडकीत हा साचा निव्वळ योगायोगाने शंभरातल्या एखाद्या प्रथिनात सापडतोच. स्वतःच्या यादीत योगायोग किती हे मोजायला तुटण्याच्या जागेनंतरचा क्रम पिसून तोच शोध पुन्हा चालवा. खऱ्या आणि पिसलेल्या क्रमांतल्या संख्यांत ठळक फरक नसेल तर त्या यादीवर पुढे खर्च करू नका.

केवडा गटातल्या इतर जातींत क्यूएक्सएलआर, जीकेएलआर असे फरकही दिसतात. त्यांच्यासाठी डब्ल्यूवाय घडीचं (इफेक्टरच्या मागच्या भागातली ठरावीक रचना) प्रोफाइल घेऊन एचएमएमसर्च (प्रोफाइलवरून क्रम शोधणारी प्रणाली) लावा. फायटोफ्थोराच्या आरएक्सएलआर प्रथिनांपैकी जवळपास निम्म्यांत ही घडी असते, म्हणजे ती नाही म्हणून प्रथिन फेकू नका. क्रम अजिबात जुळत नसेल तर अल्फाफोल्डने रचनेचा अंदाज घ्या आणि फोल्डसीकने ती ज्ञात रचनांशी ताडून पाहा. त्याआधी सिग्नल पेप्टाइड मात्र कापा.

उत्तर, पानाखालची_लव:
नमुन्यात वेलीचा डीएनए किती आहे ते आधी पाहा. केवडा जिवंत पानाशिवाय वाढत नाही, त्यामुळे मिसळ ठरलेलीच. पीएन४००२४ या द्राक्षाच्या संदर्भ जनुकसंचावर जुळणारे रीड्स (वाचलेले डीएनएचे तुकडे) काढून टाका. शिवाय इफेक्टरांची जनुकं पुनरावृत्तीच्या भागात लपलेली असतात आणि जनुक शोधणारी प्रणाली ती सोडून देते. डीएनएच्या सहाही वाचन-चौकटींत (दोन्ही धाग्यांवर तीन-तीन) भाषांतर करून ७० अमिनो आम्लांपुढचे सगळे क्रम वरच्या चाळणीतून जाऊ द्या.

निफाड_वेल:
यादी झाल्यावर पडताळणी थॉमसनच्याच पानांवर करू का?

उत्तर, क्रमशोधक:
थॉमसन केवड्याला बळी पडणारी जात आहे. तिच्यात प्रतिसाद दिसला नाही, तर दोष प्रथिनाचा की वेलीत ओळखणारं जनुकच नाही, हे कळणार नाही. पहिली चाचणी निकोशियाना बेंथामियाना या तंबाखूच्या भावंडाच्या ४-५ आठवड्यांच्या रोपांवर करा. सिग्नल पेप्टाइड वगळून जनुक बसवा, ॲग्रोबॅक्टेरियम (जनुक पानात पोचवणारा जिवाणू) ओडी (द्रावणाच्या गढूळपणाचं माप) ०.३ ते ०.५ ला टोचा, ३ ते ५ दिवस पेशी मरतात का पाहा. तुलनेला एका बाजूला आयएनएफ१ (पेशी मारणारं ज्ञात प्रथिन), दुसऱ्या बाजूला जीएफपी (पेशी न मारणारं चमकतं प्रथिन) हवंच. डाग पडला नाही तर वेस्टर्न ब्लॉटवर (ठरावीक प्रथिन ओळखणारी चाचणी) प्रथिन बनलंय का ते तपासल्याशिवाय नकारात्मक लिहू नका. काही इफेक्टर उलट आयएनएफ१ने होणारा पेशीनाश दाबतात, तेही वेगळं नोंदवा. तंबाखूच्या या भावंडात डाग पडला म्हणजे वेलही ओळखेल असं नाही. शेवटची चाचणी आरपीव्ही३ हा केवड्याला प्रतिकार देणारा जनुकपट्टा असलेल्या रीजंट किंवा बियांका जातीच्या पानांवर घ्या.