८० किलोला बेल्ट घ्यावा का?

डोंबिवलीकर:
नऊ महिने झाले जिमला. स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन उठाबशा) ८० आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलून सरळ उभं राहणं) १०० किलोवर आलंय. माझं ठाम मत आहे की वजन उचलताना कमरेला बांधायचा बेल्ट आत्ताच घ्यावा, दुखणं लागेपर्यंत थांबू नये. दुकानात मागे रुंद आणि पोटाशी निमुळते होणारे बेल्ट पुष्कळ दिसतात, ते मला पटत नाहीत. काम करतं ते श्वास भरून बेल्टवर रेटलेलं पोट, मग पोटापाशीच रुंदी कमी करून काय साधतं? त्यामुळे सगळीकडे सारखा, चार इंची, १० मिमी जाडीचा चामड्याचा घेतोय. १३ मिमीचा मला फार कडक वाटला.

तालीमवाला:
बेल्टची निवड बरोबर, वेळ चुकीची. ८० किलोला अजून वर्षभर बेल्ट लागत नाही. आमच्याकडे येणारी निम्मी मुलं बेल्ट करकचून आवळतात आणि छातीत श्वास भरतात. खांदे वर जातात, पोट आत ओढलेलं. मग बेल्ट नुसता कमरेला गुंडाळलेला राहतो. त्याऐवजी घरी जमिनीवर पाठ टेकून झोप, गुडघे दुमड, दोन्ही हात बरगड्यांखाली कुशीला ठेव आणि श्वास घे. पोटासोबत कुशीही हातावर दाबल्या गेल्या पाहिजेत. हे बार खांद्यावर असताना जमलं की बेल्ट घे. ऑलिम्पिक पद्धतीचे कितीतरी लिफ्टर स्नॅच (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर नेणं) बेल्टशिवाय मारतात, ते काय उगाच?

डोंबिवलीकर:
स्नॅचचं वजन आणि जड स्क्वॉट यांची तुलनाच होत नाही, दादा. आणि श्वास शिकायला बेल्टचीच मदत होते. मित्राचा लावून पाहिला. पोट कुठे रेटायचं ते पहिल्यांदा कळलं, कारण समोर काहीतरी अडत होतं. वॉर्मअपचे सेट बेल्टशिवाय आणि शेवटचे दोन जड सेट बेल्ट लावून, एवढंच म्हणणं आहे.

तालीमवाला:
शेवटच्या दोन सेटपुरता असेल तर माझा विरोध अर्धा गळला. पण तुझ्यासारखे कमी. बाकीचे बायसेप्सच्या व्यायामालाही बेल्ट सोडत नाहीत.

मेघना:
तुम्ही दोघं 'कधी' यावर भांडताय, माझं भांडण मापाशी आहे. माझी उंची पाच फूट. बरगडी आणि कमरेचं हाड यांत जेमतेम चार बोटं अंतर. सगळे म्हणाले चार इंचीच घे. डेडलिफ्टला खाली वाकले की वरची कड शेवटच्या बरगडीत घुसायची, घरी येऊन पाहावं तर काळानिळा वळ. तीन इंची घेतला आणि त्रास संपला. स्पर्धेलाही चालतो. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमात १० सेंमी रुंदी आणि १३ मिमी जाडी ही कमाल मर्यादा आहे, तेवढा हवाच असं नाही.
आणि माप पँटच्या नंबरावरून देऊ नका. बेंबीच्या रेषेत टेप लावा, पोट आत न ओढता.

डोंबिवलीकर:
हे ठाऊक नव्हतं. मी पँटचाच नंबर सांगणार होतो! लिव्हर (खटक्याने बंद होणारा) घेऊ की बकल (साध्या पट्ट्यासारखा, भोकांचा)?

मेघना:
बकल. लिव्हर झटकन निघतो, पण घट्टपणा बदलायचा तर स्क्रू काढावे लागतात. मी स्क्वॉटला घट्ट लावते आणि डेडलिफ्टला एक भोक सैल. स्क्रूड्रायव्हर घेऊन कोण बसणार?

तालीमवाला:
बकलला माझंही मत. ज्याला रक्तदाबाचा किंवा हर्नियाचा त्रास आहे त्याने मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब चांगलाच चढतो, बेल्ट असो वा नसो. डोंबिवलीकर, तू ये रविवारी. बेल्ट आण, पण पहिले तीन सेट तो बाकावर राहील.