खानापूर: वनहक्काच्या दाव्याला ७५ वर्षांचा पुरावा कुठून आणायचा?

प्रश्न: कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या जांबोटी–कणकुंबी पट्ट्यातल्या वाडीत वनजमिनीवरच्या हक्काचे बरेच दावे ‘७५ वर्षांचा कब्जा सिद्ध नाही’ म्हणून फेटाळलेत. आम्ही अनुसूचित जमातीचे नाही. आता काय करावं?

उत्तर १: इथेच घोळ होतो. २००६ च्या वनहक्क कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासीं’नी (म्हणजे तुमच्यासारख्या, अनुसूचित जमातीचे नसलेल्या पण जंगलावर जगणाऱ्यांनी) तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवायचा असतो. त्याच तुकड्यावरचा कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा असला की पुरे. वैयक्तिक दावा नमुना ‘अ’ मध्ये, कमाल ४ हेक्टर. किमान दोन प्रकारचे पुरावे जोडा: वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब (दावेदार सोडून दुसऱ्यांचा), जुनी विहीर, बांध, स्मशान, देवराई. पंचनामा करताना विहिरीची दगडी बांधणी, बांधावरच्या जुन्या फणसाचा घेर, सगळं मोजून लिहा. नुसतं ‘जुनी वहिवाट’ लिहिलं की दावा पडतो.

उत्तर २: १९५६ पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत, काही मोडीतही सापडतात. शाळेचं रजिस्टर, जनगणना, सर्व्हे-सेटलमेंटचे (जमीनमोजणी आणि सारा-आकारणीचे) नकाशे बघा. सोबत कन्नड भाषांतर जोडाच.

उत्तर १: आणि मुदत सांभाळा! दाव्यावरच्या ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे ६० दिवसांत जाता येतं. नकार कारणांसह लेखी मागा. ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. हजेरीपटावर सह्या अपुऱ्या असल्या तर चांगला दावाही अडकतो.