थोरल्या भावाच्या नैराश्यात साथ कशी द्यावी? (मदत हवी आहे)

नमस्कार. माझ्या थोरल्या भावाला नैराश्य असल्याचे निदान झाले असून मानसोपचारतज्ज्ञांनी औषधे सुरू केली आहेत. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ती सल्ल्याशिवाय अचानक थांबवायची नसतात, हे डॉक्टरांनी नीट समजावले आहे; तरीही ‘गोळ्यांची सवय लागेल’ असे नातेवाइकांनी मनात भरवल्यामुळे दादा त्या टाळू लागला आहे. सकाळी चहावर साय धरते, तरी तो कप तसाच हातात घेऊन बसलेला असतो. हा आळस नव्हे, आजार आहे, हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गळी उतरत नाही, याचे फार वाईट वाटते.

‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आम्ही जवळ ठेवला आहे. गोळ्यांची आठवण पाळत ठेवल्यासारखी न वाटता कशी करून द्यावी? जगणे नकोसे वाटते का, असे थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे मला ठाऊक आहे. पण मोठ्या भावापाशी हा विषय काढावा कसा? नोकरी, मुले आणि दादा यांचे करताना वहिनी पार थकली आहे. तिच्यासाठी सोलापूर परिसरात किंवा ऑनलाइन शुभंकरांचा (मानसिक आजार असलेल्यांची काळजी घेणाऱ्यांचा) एखादा मराठी स्वमदत गट असल्यास कृपया कळवावे.